किल्ली हरवलेली जुनी तिजोरी न तोडता कशी उघडायची

जुन्या तिजोऱ्या खराब होतात त्या बहुतेक वेळा उघडण्याच्या प्रयत्नात. किल्ली नाही म्हटलं की पहिल्याच दिवशी मूठ जोरात ओढली जाते, ती मोडते. मग बिजागऱ्या कापल्या जातात, तरी दार हलत नाही. शेवटी गॅसकटर येतो आणि आतले कागद जळतात. यातलं बरंचसं टाळता येतं, कारण दार न उघडण्याचं कारण दर वेळी कुलूपच असतं असं नाही. खालचे टप्पे कमीत कमी नुकसानीकडून जास्त नुकसानीकडे जातात. क्रम बदलू नका. एखाद्या टप्प्यावर अडलात तर पुढच्या टप्प्याकडे धाव घेण्याआधी मागचा पुन्हा तपासा.

तिजोरी तुमची नसेल, किंवा वारसाहक्काची असून वाटण्या झाल्या नसतील, तर आधी मालकीचा कागद आणि बाकीच्या हक्कदारांची लेखी संमती हातात घ्या. चांगला कुलूपवाला हे कागद मागतोच. न मागणाऱ्याकडे काम देऊ नका. उघडताना सगळे हक्कदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असावेत, म्हणजे आत काय होतं आणि काय नव्हतं यावरून नंतर वाद होत नाही.

## टप्पा १ : तिजोरी जिथे आहे तिथेच समतल करा

हा टप्पा सगळे वगळतात. मोठी तिजोरी एका कोपऱ्यावर जरी काही मिलिमीटर खचली तरी तिची चौकट किंचित पिळवटते. मग दाराचे दांडे, म्हणजे मूठ फिरवली की सरकून चौकटीत शिरणाऱ्या लोखंडी कांड्या, चौकटीत घट्ट बसतात आणि बरोबर किल्ली लावली तरी मूठ फिरत नाही.

१. वरच्या पत्र्यावर पाणसळ आधी आडवी आणि मग उभी ठेवून बघा.
२. खचलेल्या कोपऱ्याखाली पोलादी पहार आणि लाकडी ठोकळा वापरून थोडं थोडं उचला, आणि दर वेळी पातळ लोखंडी पट्टी सरकवा. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त उचलू नका.
३. लोंबणाऱ्या दाराचा भार मुठीच्या बाजूने खाली आलेला असतो. दाराची खालची फट दोन्ही टोकांना मोजा. मुठीकडची फट कमी असेल तर दार लोंबलं आहे, म्हणजे दांडे खालून घासत आहेत.

सावधान : तिजोरी उचलताना हात किंवा पाय तिच्याखाली कधीही जाऊ देऊ नका. मध्यम आकाराच्या जुन्या तिजोरीचंही वजन काहीशे किलो असतं. ती सरकवायची, पाठीवर आडवी करायची किंवा उलटी करायची कल्पना सोडून द्या. आत काचेच्या बाटल्या, घड्याळं किंवा सैल झालेले कुलपाचे भाग असू शकतात.

## टप्पा २ : किल्ली शोधा, आणि कोणती शोधायची ते आधी ठरवा

'तिजोरीची किल्ली' म्हणून घरातली प्रत्येक किल्ली लावून पाहण्यापेक्षा आधी भोकाची मापं घ्या. किल्लीच्या भोकावर बहुतेक तिजोऱ्यांत पितळी झाकणी असते. ती बाजूला सरकते किंवा खिळ्याभोवती फिरते. दिसत नसेल तर दारावरची सजावटीची फुलं, नकली खिळे आणि नामपट्टी एकेक करून बोटांनी दाबून, डावी-उजवीकडे फिरवून आणि वर-खाली सरकवून पाहा. काही तिजोऱ्यांत समोर दिसणारं भोक फसवं असतं आणि खरं भोक अशाच एखाद्या फुलामागे असतं. झाकणीला स्वतःचीच छोटी किल्ली लागणाऱ्या तिजोऱ्याही आहेत.

भोक सापडलं की चार गोष्टी लिहून घ्या :

- भोकाची उंची आणि वरच्या गोल भागाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.
- दारापासून कुलपाच्या मागच्या भिंतीपर्यंतची खोली. टोकाला किंचित वाकवलेली २ मिमी जाडीची तार हळूच आत घालून टेकवा, तारेवर खूण करा आणि बाहेर काढून मोजा.
- भोकाच्या मध्यभागी पिन आहे की नाही. पिन असेल तर किल्ली पोकळ दांडीची असते आणि नसेल तर भरीव दांडीची. एवढ्यानेच अर्ध्या किल्ल्या बाद होतात.
- नामपट्टीवर, मुठीच्या तळाशी किंवा दाराच्या कडेला कोरलेले सगळे अंक. किल्लीच्या डोक्यावर असाच अंक असू शकतो.

आता शोध घ्या. किल्ली तिजोरीत नसणार हे उघड आहे, म्हणून लोक घरभर पाहतात. तिजोरीच्या पाठीमागची भिंत, मागच्या पत्र्याखालची जागा, वरच्या पत्र्याच्या मागच्या कडेवर ठेवलेल्या वस्तूंखालची जागा आणि जुन्या टेबलांच्या खणांचा तळ मात्र राहून जातो. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागची आणि तळाची बाजू पाहा. किल्ल्यांच्या जुन्या जुडग्यात लांब दांडीची एकच मोठी किल्ली असेल तर ती आधी बाजूला काढा. काही तिजोऱ्यांना दोन वेगवेगळ्या किल्ल्या लागतात, म्हणून एक सापडली म्हणून शोध थांबवू नका.

तपासणी : भोकात मोडलेल्या किल्लीचा तुकडा तर नाही ना? टॉर्चच्या प्रकाशात पाहा. तुकडा दिसला तर त्याच्या मागून दुसरी किल्ली घुसवू नका, तो आणखी आत जाईल.

## टप्पा ३ : दार कशामुळे बंद आहे ते ओळखा

सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो. दार तीन गोष्टींनी बंद राहू शकतं : रंग किंवा गंजाने चौकटीला चिकटल्यामुळे, दांडे अडकल्यामुळे, किंवा कुलूप लागलेलं असल्यामुळे. तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

आधी मूठ पाहा. दोन बोटांनी, जोर न लावता ती दोन्ही दिशांना फिरवा.

मूठ पूर्ण फिरली आणि आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, पण दार हलत नाही, तर दार चौकटीला चिकटलं आहे किंवा लोंबलं आहे. मूठ किंचित, म्हणजे ४ ते ५ अंश हलते आणि कडक जागी येऊन थांबते, तर दांडे मोकळे आहेत आणि त्यांना कुलपाच्या बोल्टाने, म्हणजे किल्लीने मागेपुढे सरकणाऱ्या कडीने, अडवलं आहे. मूठ अजिबात हलत नाही, थोडीही नाही, तर गंज, घट्ट बसलेले दांडे किंवा वाळलेलं वंगण हे कारण असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी कुलूप कदाचित लागलेलंही नसेल. मूठ गोल गोल फिरत राहते आणि काहीच जाणवत नाही, तर मुठीची दांडी आतून मोडली आहे किंवा तिची पिन तुटली आहे. अशा तिजोरीत बरोबर किल्ली लावूनही दार उघडत नाही, म्हणून हे आधीच समजलेलं बरं.

काही जुन्या तिजोऱ्यांत मूठ केवळ ओढण्यासाठी असते आणि किल्लीच सरळ दांडे ढकलते. तिथे मूठ फिरत नाही म्हणून काळजी करू नका, पण किल्ली जड जाईल याची तयारी ठेवा.

चिकटलेल्या दाराचा उपाय सोपा आहे. दाराभोवतीच्या फटीत जुन्या रंगाची पापडी असते. पातळ, बोथट पट्टी, म्हणजे ०.५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पोलादी पट्टी) किंवा घासून गुळगुळीत केलेली जुनी हॅकसॉ पट्टी, फटीतून चारही बाजूंनी फिरवून रंग कापा. मग दार आतल्या बाजूला, म्हणजे तिजोरीकडे, हाताच्या तळव्याने किंवा खांद्याने दाबा आणि त्याच वेळी मूठ फिरवा. बाहेर ओढून पाहणं ही नेहमीची चूक आहे. ओढल्याने दांडे चौकटीवर आणखी घासतात, तर दाबल्याने मोकळे होतात. लोंबलेल्या दारासाठी मुठीकडच्या खालच्या कोपऱ्याखाली लाकडी पाचर सारून दार १ ते २ मिमी वर उचला आणि पुन्हा मूठ फिरवून पाहा.

सावधान : जुन्या मुठी बऱ्याचदा ओतीव लोखंडाच्या किंवा पितळेच्या असतात. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तुटतं. मुठीला पाइप घालून लांबी वाढवू नका आणि हातोडीही मारू नका. हातोडीचा धक्का कुलपाचे स्प्रिंग आणि आतले नाजूक भाग मोडतो. काही तिजोऱ्यांत तर धक्क्याने जास्तीची कडी पडते आणि मग बरोबर किल्लीही निकामी ठरते.

## टप्पा ४ : कुलपात पाहा, मग वंगण द्या

प्रकाश असलेला, ५ मिमीपेक्षा जाड नसलेला एंडोस्कोप कॅमेरा मोबाइलला जोडून किल्लीच्या भोकात घाला. भोक लहान असेल आणि कॅमेरा जात नसेल तर पातळ टॉर्चचा प्रकाश आत सोडून बाहेरूनच पाहा. पाहायचं काय? आत एकावर एक ठेवलेल्या पितळी पट्ट्या दिसल्या तर कुलूप लिव्हरचं आहे. स्थिर, गोलाकार कडा दिसल्या आणि हलणारं काहीच नसेल तर ते अडथळ्यांचं साधं कुलूप आहे, जे जुन्या लोखंडी पेट्यांत आणि स्वस्त तिजोऱ्यांत आढळतं. भोकाच्या तोंडाशी गोल फिरणारा पडदा दिसला तर ते आणखी सुरक्षित बनावटीचं कुलूप आहे, आणि त्यात स्वतः हात घालण्यात फारसा अर्थ नाही.

पट्ट्यांवर काळा किंवा तपकिरी, मेणासारखा थर दिसेल. ते दशकानुदशकं वाळलेलं वंगण. अनेक कुलपं केवळ यामुळे अडतात. लिव्हर खाली येत नाहीत कारण ते एकमेकांना चिकटलेले असतात.

१. ड्रॉपर किंवा इंजेक्शनची सुई नसलेली पिचकारी घ्या. गंज आणि वंगण सैल करणारं पातळ द्रव भोकातून ५ ते ६ थेंब सोडा. एवढेच.
२. ३० मिनिटांनी आणखी ५ थेंब.
३. २४ तास थांबा. या काळात मूठ दोन-तीनदा हलक्या हाताने हलवा.
४. दुसऱ्या दिवशी पुन्हा ५ थेंब आणि पुन्हा २४ तास.
५. तिसऱ्या दिवशी मऊ तार घेऊन एकेका लिव्हरला खालून अगदी हळू उचलून सोडा. चांगला लिव्हर झटकन परत येतो आणि टक असा बारीक आवाज येतो. न परतणाऱ्याचं स्प्रिंग तुटलेलं असू शकतं किंवा तो अजून चिकटलेला असू शकतो. किती लिव्हर आहेत आणि कोणता परतत नाही, ते लिहून ठेवा.

भोकात अर्धी बाटली ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जादा द्रव कुलपातून दाराच्या आतल्या भरावात जातं. हा भराव लाकडाचा भुसा, तुरटी, प्लॅस्टर किंवा राख यांचा असतो. तो भिजला की फुगतो आणि दार आतून दाबतो. शिवाय तेल झिरपून आतल्या कागदांवर डाग पडतात. ग्राफाइट पावडर आणि तेल एकत्र वापरू नका. दोन्ही मिळून घट्ट लुगदी होते. तेल दिलं असेल तर ग्राफाइट टाळा.

## टप्पा ५ : सापडलेल्या किल्ल्या लावून पाहा

दुसऱ्या टप्प्यातल्या मापांत बसणाऱ्या किल्ल्याच घ्या. किल्ली सरळ आत जाऊ द्या. अडली तर ढकलू नका, बाहेर काढून दांडीवर मळाचा थर किंवा गंज आहे का पाहा. पूर्ण आत गेल्यावर बोटांच्या जोरावर फिरवा. किल्लीला पक्कड लावायची नाही. जुन्या किल्ल्या मऊ लोखंडाच्या असतात, त्यांचं पातं, म्हणजे दात असलेला चपटा भाग, पिळवटतं आणि तुटतं. तुटलेला तुकडा काढणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

किल्ली फिरत नसेल तर आधी मूठ उलट दिशेला, म्हणजे बंद करण्याच्या दिशेला हलकी दाबा आणि दार आत दाबून धरा. मुठीचा भार कुलपाच्या बोल्टावर पडलेला असतो. तो भार काढला की बोल्ट मोकळा होतो. अनेक तिजोऱ्या याच एका कारणामुळे 'उघडत नाहीत', आणि मग बरोबर किल्ली खोटी समजून फेकली जाते.

किल्ली बरोबर वाटते, अर्धी फिरते, पण पुढे जात नाही, असं असेल तर कुलपात 'पकडणारा लिव्हर' असू शकतो. आधी कोणी चुकीची किल्ली फिरवली असेल आणि तिने एखादा लिव्हर जास्त उचलला असेल, तर हा लिव्हर अडकून राहतो आणि बरोबर किल्लीलाही दाद देत नाही. उपाय असा : किल्ली आधी बंद करण्याच्या दिशेला थोडी फिरवा, मग उघडण्याच्या दिशेला. बऱ्याच कुलपांत याने अडकलेला लिव्हर सुटतो. हा प्रयत्न न करता किल्ली निकामी ठरवू नका.

प्रत्येक किल्ली तीनदा लावून पाहा. पहिल्यांदा तशीच, दुसऱ्यांदा १ ते २ मिमी बाहेर ओढून, तिसऱ्यांदा मूठ उलट दाबून. झिजलेल्या कुलपात किल्लीची बैठक थोडी सरकलेली असते.

तपासणी : कोणती किल्ली किती अंश फिरली, हे वहीत लिहा. सगळ्यात जास्त फिरणारी किल्ली ही नव्या किल्लीचा नमुना ठरते.

## टप्पा ६ : नवी किल्ली बनवा किंवा बनवून घ्या

साध्या अडथळ्यांच्या कुलपासाठी किल्ली स्वतः बनवता येते. योग्य दांडीची कोरी किल्ली घ्या. तिचं पातं भोकातून जेमतेम जाईल एवढं कापा. मेणबत्तीच्या काजळीवर पातं काळं करा, किल्ली भोकात घालून हलक्या हाताने फिरवा आणि बाहेर काढा. ज्या ठिकाणी काजळी घासली गेली तिथे अडथळा आहे. तेवढ्याच जागी कानशीने ०.५ मिमी खाच पाडा. पुन्हा काजळी, पुन्हा फिरवणं. घाई करून एकदम २ मिमी घासलं तर ते पातं वाया जातं, कारण घासलेलं परत जोडता येत नाही. सहसा दहा-बारा फेऱ्यांत किल्ली पूर्ण फिरते.

लिव्हरच्या कुलपाचं गणित वेगळं आहे. तिथे प्रत्येक दाताची उंची एका लिव्हरला नेमक्या जागी उचलते. सगळ्या लिव्हरच्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टावरची खुंटी त्यांतून सरकते. दात ०.२ मिमीने जास्त झाला तरी लिव्हर गरजेपेक्षा वर उचलला जातो आणि बोल्ट अडतो. कमी झाला तरी तेच. शिवाय एक दात लिव्हरसाठी नसून बोल्ट ढकलण्यासाठी असतो. काजळीने इथे खूण नीट उमटत नाही, आणि अंदाजाने घासलेल्या किल्लीने पकडणारा लिव्हर अडकतो. म्हणून लिव्हरच्या कुलपात स्वतः प्रयोग करू नका. कुलूपवाला लिव्हर आतून वाचून, म्हणजे प्रत्येकाची उंची बारीक तारेने मोजून, किल्ली करतो. हे काम शांतपणे करायचं असतं आणि त्याला कित्येक तास लागू शकतात. त्याला घाई करायला लावू नका.

कुलूपवाल्याला बोलावताना हे विचारा : तुम्ही जुन्या लिव्हरच्या तिजोऱ्या उघडल्या आहेत का? तुम्ही आधी किल्ली कराल की आधी भोक पाडाल? भोक पाडलंत तर किती व्यासाचं आणि कुठे, आणि ते नंतर कसं बुजवाल? 'लगेच ड्रिल करू' असं पहिल्या वाक्यात म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. घराच्या दाराची कुलपं उघडणारा उत्तम कारागीर असू शकतो, पण तिजोरी हा वेगळा विषय आहे. वहीतली तुमची टिपणं, मापं आणि छायाचित्रं त्याला आधी पाठवा. पुष्कळदा त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

## टप्पा ७ : भोक पाडणं, फक्त अगदी शेवटी

किल्ली करून घेणं अशक्य झालं, स्प्रिंगच तुटलं किंवा दांड्यांची यंत्रणा आतून मोडली, तरच हा टप्पा. नेमकी जागा प्रत्येक बनावटीच्या कुलपाप्रमाणे बदलते, आणि एका सेंटिमीटरच्या चुकीने कुलूप कायमचं अडकतं. त्यामुळे जागा अनुभवी माणसानेच ठरवावी. तुम्हाला मात्र हे माहीत असायला हवं :

- भोक एकच आणि ६ ते ६.५ मिमीचं पुरतं. त्यातून कॅमेरा घालून आत काय आहे ते पाहायचं असतं. मोठं भोक पाडणारा काम न समजता करतो आहे.
- कुलपासमोर कडक पोलादाची पट्टी असू शकते. साधा ड्रिल बिट तिथे काही सेकंदांत बोथट होतो. टंगस्टन कार्बाइडचा बिट लागतो आणि वेग कमी ठेवावा लागतो.
- बिटावर खोली अडवणारा कॉलर लावूनच ड्रिल करायचं. पत्रा फुटल्याबरोबर बिट आत धसला तर कुलपाचा डबाच तुटतो.
- काम झाल्यावर भोक पोलादी निमुळत्या पिनेने बुजवायचं, पुटीने नाही.

सावधान, आणि हा इशारा गांभीर्याने घ्या : विसाव्या शतकातल्या काही तिजोऱ्यांच्या भरावात ॲस्बेस्टॉस आहे. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे आणि तिचा परिणाम वर्षांनी दिसतो. शंका असेल तर भोक पाडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. साध्या सुती मास्कचा उपयोग नाही, एफएफपी३ दर्जाचा मास्क लागतो. धूळ ओली ठेवून काम करायचं आणि ती घरगुती व्हॅक्यूमने ओढायची नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतल्या काही तिजोऱ्यांच्या दारात अश्रू आणणाऱ्या रसायनाच्या काचेच्या नळ्याही बसवलेल्या असत. दारावर तशी सूचना, पट्टी किंवा चिकटवलेला कागद दिसला तर कुलपाला धक्का न देता थांबा. काम चालू असताना अचानक डोळे चुरचुरले तर जाता जाता खिडक्या उघडून सगळे बाहेर पडा आणि परत आत जाऊ नका.

बिजागऱ्या कापू नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण लोक पहिल्यांदा हेच करतात. बिजागऱ्या फक्त दाराचं वजन पेलतात. बिजागरीच्या बाजूलाही दाराला न हलणारे किंवा सरकणारे दांडे असतात, जे चौकटीत अडकलेले असतात. बिजागरी कापली तर दार उघडत नाहीच, वर तिजोरीचं मूल्य जातं आणि नंतर दार टांगायलाही काही राहत नाही. गॅसकटरचंही तसंच. भरावाच्या पलीकडे उष्णता पोचली की आतले कागद करपतात.

## टप्पा ८ : दार उघडताना

कुलूप सुटलं की उत्साहात दार एकदम ओढू नका. छोट्या तिजोरीचं दार संपूर्ण तिजोरीच्या वजनाचा मोठा भाग असतो. दार पूर्ण उघडलं की तोल पुढे येतो आणि तिजोरी तोंडावर आपटते. आधी तिजोरीच्या पुढच्या तळाखाली दोन लाकडी पाचरी ठोका. एक माणूस दार धरेल, दुसरा तिजोरीच्या वरच्या मागच्या कडेवर हात ठेवून तोल सांभाळेल. दार ४५ अंश उघडून एक मिनिट थांबा आणि तिजोरी झुकत नाही ना ते पाहा. बिजागऱ्या गंजलेल्या असतील तर दार अचानक खाली बसू शकतं, म्हणून दाराच्या मुठीकडच्या कोपऱ्याखालीही ठोकळा ठेवा.

हवा बाहेर येऊ द्या. आत बुरशी, वाळवी किंवा कुजका वास असू शकतो, म्हणून मास्क लावूनच आत डोकवा.

## टप्पा ९ : दार पुन्हा बंद होऊ देऊ नका

उघडलेली तिजोरी त्याच दिवशी पुन्हा बंद होते, असं अनेकदा घडतं. कोणीतरी कुतूहलाने दार ढकलतं, दांडे बसतात, आणि सगळं काम पुन्हा सुरू. उघडल्याबरोबर, दार उघडं असतानाच, मूठ फिरवून दांडे बाहेर काढून ठेवा. मग दार चौकटीत शिरूच शकत नाही. घरात मुलं असतील तर तिजोरीजवळ त्यांना एकटं सोडू नका. मोठ्या तिजोरीत मूल शिरून दार बंद झालं तर आत हवा फार कमी असते.

मग आतल्या वस्तू. काहीही हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचं छायाचित्र घ्या. कागद चिकटलेले असतील तर ओढून सुटे करू नका, आणि उन्हात वाळवूही नका. सावलीत, टिपकागदाच्या थरांमध्ये आडवे ठेवा आणि त्यांना हळूहळू ओलावा सोडू द्या. चित्रफितीच्या जुन्या रिळांना उग्र वास येत असेल किंवा त्या चिकट झाल्या असतील तर त्या आगीपासून लांब ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. काही जुन्या फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असतात. हत्यार, काडतुसं किंवा अनोळखी बाटल्या दिसल्या तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

शेवटी कुलूप. ते दाराच्या आतल्या बाजूने स्क्रूंनी बसवलेलं असतं. आतलं आवरण काढताना भरावाची पूड पडते, म्हणून मास्क तिथेही हवा. कुलूप उघडण्याआधी छायाचित्र घ्या. लिव्हर काढताना ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने एका तारेत ओवा. क्रम चुकला तर किल्ली कधीच चालणार नाही. रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिटने वाळलेलं वंगण धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या आणि मग प्रत्येक लिव्हरला पातळ तेलाचा एकच थेंब द्या. तुटलेली स्प्रिंग बदला. नवी किल्ली याच लिव्हरवर मापून बनवून घ्या आणि लगेच दुसरीही. दार उघडंच ठेवून किल्ली आणि मूठ किमान वीस वेळा चालवून पाहा. एकदाही अडखळली तर दार बंद करू नका, कारण शोधून काढा. विसाच्या विसाही वेळा सहज फिरली तरच दार लावा. दुसरी किल्ली तोवर तिजोरीबाहेर, वेगळ्या जागी ठेवलेली असावी, आणि तिच्या डोक्याला बांधलेल्या चिठ्ठीवर कुलपाचा अंक लिहिलेला असावा.